अडला हरी, कोणती बोली करी?

चिऊ, तू ब्रिज शिकायला लागलीस हे तुझ्या बाबाकडून कळलं. झब्बू, बदाम सात आणि मेंढीकोटावर वाढलेल्या पोरीला पत्त्यांचं भय नसतं. पण बोलीची वेळ आली की तीच पोर छताकडे बघायला लागते. पाच इस्पिक आणि चौदा गुण आले तर काय बोलायचं, ते शिकवणीत सांगतातच. पंचाईत करतात ती निराळी पानं. तिथे कुठलीही बोली लावली तरी थोडं खोटं बोलल्यासारखं होतं, आणि पास म्हणायलाही जीव होत नाही. त्या वेळेसाठी आत्याचे हे चार शब्द. चाराचे किती झाले ते मोजू नकोस.

पद्धत तुझीच धरली आहे. इस्पिक किंवा बदाम उघडायला पाच पानं, एक नो ट्रम्प म्हणजे समतोल पानं आणि १५ ते १७ गुण, दोन किलवर म्हणजे भरभक्कम पानं. उद्या दुसरी पद्धत धरलीस तर आकडे बदलतील, सवयी याच राहू दे.

१. पानं पालथी असतानाच तेरा मोज आणि मग उचल – नियमच आहे तसा, आणि बारा पानांवर लढवलेली अक्कल तेरावं पान सापडलं की वाया जाते.

२. रंग लाल-काळा-लाल-काळा असे लाव – बदाम आणि चौकट शेजारी बसले की चौकटची राणी गुपचूप बदामांत जाते, आणि तुझ्या चार बदामांचे पाच होतात.

३. आधी आकार बघ, गुण नंतर मोज. मनातल्या मनात ‘पाच-चार-तीन-एक’ असं म्हण, ओठ न हलवता – एकदा गुण मोजून झाले की मन ठरून जातं, मग आकाराकडे कोणी बघत नाही.

४. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक हा हिशेब मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखतात आणि चार्ल्स गोरेन यांनी तो घरोघरी पोचवला. वापर, पण देव्हाऱ्यात मांडू नकोस – त्यात एक्क्याचं मोल जरा कमी धरलंय आणि राणी-गुलामांचं जरा जास्त.

५. इस्पिक राणी, गुलाम, ४. बदाम राजा, ७, ३. चौकट राणी, गुलाम, ६, ५. किलवर राणी, गुलाम, २. बारा गुण भरले तरी पास म्हण – एकही एक्का नाही, आकार सपाट, आणि तुझ्या राण्यांची पाळी येईपर्यंत समोरच्यांनी आपले हात वाजवून घेतलेले असतात.

६. उलट इस्पिक एक्का, राणी, १०, ८, ४ आणि बदाम राजा, गुलाम, ९, ६, २, बाकी तीन पानं फुटकळ. गुण दहाच, पण बिनधास्त एक इस्पिक म्हण – मार्टी बर्गेन यांनी लोकप्रिय केलेला विसाचा नियम सांगतो की गुणांत सर्वांत लांब दोन रंगांची पानं मिळवावी आणि वीस भरले तर उघडावं. इथे दहा, पाच आणि पाच बरोबर भरतात. वरच्या सपाट पानांचे एकोणीसच होतात.

७. एकटा राजा, एकटी राणी किंवा राणी-गुलामाची दुक्कल दिसली तर मनातून एक गुण कापून टाक. ‘एकट्या राजाला मुजरा अर्धा’ – समोरून एक्का पडला की तीन गुण गेले.

८. दश्शी-नव्वीला गुण नसले तरी लांब रंगात वरच्या पानांना लागून आल्या तर मान दे – राजा, गुलाम, १०, ९ आणि राजा, गुलाम, ३, २ यांचे गुण सारखेच, हात मात्र सारखे होत नाहीत.

आता खरी गोष्ट. वरचं सगळं विसरलीस तरी चालेल, हे एवढं ध्यानात ठेव.

९. पहिली बोली लावण्याआधी दुसरी ठरव. पार्टनरने सर्वांत गैरसोयीचं उत्तर दिलं तर मी काय म्हणेन, हे स्वतःला विचार – आणि ते उत्तर हमखास तुझ्याकडे जो रंग नाही त्याच रंगात येतं, कारण तुझ्याकडे नसलेली पानं कुणाकडे तरी असणारच. ‘पहिली बोली कुणीही लावी, दुसरी सुचेल त्यानेच उघडावी.’

१०. रिव्हर्सच्या वाटेला सतरा-अठरा गुणांशिवाय जाऊ नकोस. रिव्हर्स म्हणजे आधी हलका रंग आणि मग दोनच्या पायरीवर त्याहून भारी रंग, जसं एक किलवर आणि नंतर दोन चौकट – तुझ्या पहिल्या रंगाकडे परतायचं तर पार्टनरला तीनच्या पायरीवर चढावं लागतं, आणि तेवढ्या चढाला गुण तुझ्याच खिशातले हवेत.

ही पानं नीट डोळ्यांसमोर धर. इस्पिक ६ एकटीच. बदाम एक्का, ७, ४. चौकट राजा, राणी, ८, ३. किलवर एक्का, गुलाम, ९, ५, २. चौदा गुण, उघडायचं यात वादच नाही. पाच किलवर आहेत म्हणून तू एक किलवर म्हणतेस. पार्टनर काय म्हणणार? एक इस्पिक. आता बोल.

एक नो ट्रम्प म्हणावं तर इस्पिक एकच. दोन किलवर म्हणावं तर पार्टनरला सहा पानं वाटतात. दोन चौकट म्हणावं तर रिव्हर्स झाला आणि चौदा गुणांवर सतराचा आव आणला. तिन्हीकडे खोटं. याला मी ‘मागचं दार न बघता घरात शिरणं’ म्हणते.

म्हणून अशा पानांवर पुष्कळ जाणती माणसं चार पानांचा चौकट आधी बोलतात: एक चौकट, आणि इस्पिक आलं की दोन किलवर. दोन्ही रंग सांगून झाले, पायरी वाढली नाही. फुकट मात्र नाही हं हे. पार्टनरला वाटतं चौकट लांब, आणि दोन्ही रंगांत त्याची सारखीच पानं असली की तो चौकटकडे परततो. म्हणजे पाच-तीनचा रंग सोडून चार-तीनमध्ये खेळावं लागतं.

११. मग ठरवायचं कसं? अशा एक-तीन-चार-पाच आकारात चौकट वजनदार असेल तर चौकट उघड, आणि किलवर एक्का, राजा, गुलाम, दश्शी असा ठणठणीत व चौकट फुटकळ असेल तर किलवर उघडून किलवरच पुन्हा सांग – ज्या रंगाबद्दल थोडं खोटं बोलायचं, त्या रंगात निदान दम हवा.

१२. हेच पाच किलवर, चार चौकट आणि दोन-दोन बाकीचे, गुण पंधरा-सोळा असतील, तर सरळ एक नो ट्रम्प म्हणून मोकळी हो – रिव्हर्सला कमी आणि किलवर उघडून पुन्हा दोन किलवर सांगायला जास्त अशा मधल्या गुणांना तिथेच जागा आहे. दुक्कलींत एखादा एक्का-राजा असला म्हणजे झालं.

१३. पाच बदाम आणि सोळा गुण, बाकी तीन-तीन-दोन, अशी पानं दिसली की बदामाचा मोह आवर आणि एक नो ट्रम्प म्हण – एक बदाम म्हणालीस आणि उत्तर एक इस्पिक आलं, तर एक नो ट्रम्प बारा-चौदा गुणांचं, दोन नो ट्रम्प अठरा-एकोणिसांचं, आणि सोळावाल्याला कुठेच पाट मांडलेला नसतो. पाच बदाम लपवले म्हणून हळहळू नकोस. एकाच बोलीत तीन गुणांच्या आत तुझं बळ कळलं, ही कमाई मोठी.

१४. पाच इस्पिक असतील तर तोच हट्ट इतका धरू नकोस – एक इस्पिकनंतर पार्टनरला वर चढून इस्पिक सांगून तुला अडवता येत नाही, त्यामुळे अडचण जरा सौम्य होते. तरी मी स्वतः सोळावर नो ट्रम्पच म्हणते.

१५. चौदा गुण, पाच पानांचा सुरेख रंग आणि दोन दश्शी असतील तर त्यांना पंधरा समज – पाचव्या पानाचाही एक हात होतो, गुणांच्या यादीत तो दिसत नाही एवढंच.

१६. एकटा राजा किंवा एकटा एक्का असताना नो ट्रम्प उघडावं का, असं विचारशील. कधीमधी, दुसरी वाटच नसेल तेव्हा – अमेरिकेच्या ब्रिज संघटनेचे नियमसुद्धा एकट्या एक्का-राजा-राणीला नो ट्रम्पमध्ये जागा देतात. पण आपण खेळतो तिथला नियम आधी विचार, आणि पार्टनर ट्रान्सफर करून नेमका त्याच रंगात नेणार, हे गृहीत धरून चाल.

१७. चार-चार-चार-एक हा आकार बघायला गोड आणि बोलायला कडू. एकटं पान चौकटचं असेल तर एक किलवर, नाहीतर एक चौकट – मग इस्पिक एकटं असताना पार्टनर इस्पिक बोलला तरी दोन किलवर म्हणायची वाट मोकळी राहते. किलवर आधी बोललीस तर ती बंद.

१८. त्याच आकारात किलवर एकटं आणि गुण अकरा-बाराच असतील तर पास म्हणायला लाजू नकोस – पार्टनरने दोन किलवर म्हटलं की तुझ्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. आणि समोरच्यांनी किलवर उघडलं तर टेकआउट डबलला याच्याहून चांगली पानं मिळणार नाहीत. ‘गप्प बसल्याचं व्याज मिळतं.’

१९. किलवर-चौकट तीन-तीन असले तर किलवर, चार-चार असले तर चौकट, ही रोजची गोष्ट आहे. यावर विचार करत बसू नकोस – विचार पुढच्यासाठी राखून ठेव.

२०. पाच इस्पिक आणि पाच किलवर असले तर इस्पिक आधी – किलवर बोलून वाट बघत बसलीस की समोरचे बदाम घेऊन तीनच्या पायरीवर जातात, आणि तुझं इस्पिक पोटातच राहतं.

२१. सहा बदाम, पाच इस्पिक आणि बेताचे गुण असतील तर पाच-पाचच समजून इस्पिक आधी उघड. सतरा-अठरा असतील तर बदाम आधी आणि मग इस्पिक ताठ मानेने – पहिल्या वाटेत एक पान लपलं, पण पार्टनरला वर चढावं लागलं नाही.

२२. एकवीस गुण दिसले की दोन किलवरकडे हात जातोच. पण इस्पिक एक, बदाम एक्का आणि तिर्री, चौकट एक्का-राजा-राणीसह पाच आणि किलवर एक्का-राजा-गुलामासह पाच अशी दोन रंगांची पानं असतील तर एक चौकटच म्हण – दोन किलवरनंतर पहिला रंग सांगायला तीनची पायरी आणि दुसऱ्याला चारची, मग नो ट्रम्पला परतायची वाटच नाही. सगळे पास म्हणतील ही धास्ती सोड. तुझ्याकडे एकच इस्पिक आहे, म्हणजे टेबलावर कुणाला तरी इस्पिक बोलायचंच आहे.

कोणत्या जागेवर बसलीस त्यावरही बरंच अवलंबून असतं. तीच तेरा पानं पहिल्या जागी पास आणि तिसऱ्या जागी बोली असू शकतात. पुस्तकं हे सांगतात, पण हळू आवाजात.

२३. तिसऱ्या जागी, पार्टनर पास म्हणाला असताना, दहा-अकरा गुणांवर उघडायला हरकत नाही, अगदी चार पानांचा ठसठशीत बदामसुद्धा – पास म्हणालेल्या पार्टनरच्या उत्तराला तुला पास म्हणता येतं, त्यामुळे दुसऱ्या बोलीची कटकटच नाही.

२४. पण उघडताना असा रंग निवड ज्याची उतारी पार्टनरकडून हवीशी वाटेल – डाव बहुतेक समोरचेच खेळतील, आणि पार्टनर भाबडेपणाने तुझ्याच रंगाची उतारी करेल. गुलामाच्या खाली पाच फुटकळ पानं घेऊन उघडलंस तर त्याच्या राजाचा बळी तुझ्या माथी.

२५. आणि पार्टनर काहीही म्हणाला तरी पास म्हणता येईल असं असेल तरच हलकं उघड – नाही तर हलकी बोली लावून पुन्हा बोलावं लागतं, आणि पार्टनर दुसऱ्यांदा फसतो. दोघांनी ड्रुरी हा संकेत शिकून घ्या, म्हणजे उत्साही पार्टनरला दोन किलवरवर तुझा खरेपणा तपासता येतो.

२६. चौथ्या जागी गुणांत इस्पिकांची संख्या मिळव. पंधरा भरले तर उघड, नाही तर पत्ते टाकून द्या – तिघे पास म्हणालेत म्हणजे गुण चौघांत वाटले गेलेत, आणि अशा ओढाताणीत ज्याच्याकडे इस्पिक तो पायरी न वाढवता सगळ्यांवर बोलतो.

२७. सात पानांचा रंग आणि बाजूला चार चांगले बदाम किंवा इस्पिक असतील, तर पहिल्या-दुसऱ्या जागी तीनची उडी मारू नकोस – समोरच्यांना अडवता अडवता आपलाच चार-चारचा गेम गाडला जातो. तिसऱ्या जागी मात्र खुशाल मार. पार्टनर पास म्हणालाय, गेम बहुधा समोरच्यांचाच.

२८. उडी मारताना सर्वांत जपून दुसऱ्या जागी – एक शत्रू आधीच पास म्हणालाय, आता अडवायला एक शत्रू आणि एक पार्टनर उरलाय, निम्म्या वेळा घाव आपल्याच माणसावर.

२९. उडीआधी व्हल्नरेबल कोण, हे बोर्डावर पुन्हा बघ – व्हल्नरेबल असताना डबल होऊन दोन हात बुडाले की ५०० जातात, आणि समोरच्यांचा नॉन-व्हल्नरेबल गेम ४००-४२०चाच असतो. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली बोटीवरच्या प्रवासात नवे नियम बसवले, तेव्हापासून हा काटा खेळात आहे. तो रुतला की सगळ्यांना त्यांचीच आठवण येते.

आता थोडं टेबलावरच्या वागण्याबद्दल.

३०. खूप वेळ विचार करून पास म्हणू नकोस – पार्टनरला कळतं की तुझ्याकडे अकरा-बारा गुण आहेत, आणि कळलेलं वापरायला सोळाव्या कायद्याची त्याला मनाई आहे. तुझ्या उशिराने त्याच्या बिचाऱ्याच्या खऱ्या बोलीवरही संशय येतो.

३१. म्हणून सोपी पानं असली तरी दोन श्वास थांबून बोल – रोजचीच लय असली की अडचणीच्या दिवशी कुणाला काही दिसत नाही.

३२. बिडिंग बॉक्सला हात लावण्याआधी ठरवून टाक. कार्डांवर बोटं फिरवत बसू नकोस – बोट चुकून भलतं कार्ड निघालं तर पार्टनर बोलेपर्यंत वेळेत बदलता येतं, मन बदललं तर नाही, आणि पंचाला हा फरक बरोबर कळतो.

३३. अडल्या पानांवर निकाल वाईट लागला तर पार्टनरला टेबलावर कारणं ऐकवू नकोस, बोर्ड नंबर स्कोअरकार्डावर खुणेने लिही आणि चहाच्या वेळी बोला – पुढचा बोर्ड तोवर पालथा पडून असतो, आणि रागात मोजलेली पानं तेरा भरत नाहीत.

३४. अशा पानांची एक वही कर, आणि प्रत्येक पानाखाली दोघांनी वेगवेगळं उत्तर लिहा, मग ताडून बघा – दोघांची उत्तरं सारखी आली की बोली थोडी खोटी असली तरी चालते, तिचा अर्थ दोघांना ठाऊक असतो.

वहीचं पहिलं पान मीच देते. इस्पिक ५ एकटीच. बदाम एक्का, राजा, ६, ३. चौकट गुलाम, ४, २. किलवर एक्का, राणी, ८, ५, ४. पहिली जागा, कुणीच व्हल्नरेबल नाही. वरच्या पानांसारखीच वाटतात, पण चौकटची पळवाट इथे नाही. तुझ्या त्या पार्टनरला न विचारता लिही, आणि त्याने तुझं न बघता लिहायचं. इस्पिक आल्यावर काय म्हणणार, तेही लिहायचं बरं का. मग रविवारी दोघांनी फोन करा. माझं उत्तर तुमची ऐकल्यावर सांगेन.